ॲलिस स्प्रिंग्ज: कोरडी नदी, जांभळं घर

बुधवार, 24 जुलै 2024

मेलबर्नहून विमान सुटलं आणि तासाभरात खालची हिरवाई संपली. मग दोन तास नुसती तांबडी माती, मधूनच एखाद्या वाळलेल्या नदीची नागमोडी रेघ. ही खिडकीला नाक लावून बसली होती. म्हणाली, "आपलं सोलापूरचं माळरान मे महिन्यात असंच दिसतं. पण ते कुठेतरी संपतं तरी."

मेलबर्नमध्ये आम्हाला चौदा वर्षं झाली. ऑफिसात प्रत्येक मोठ्या मीटिंगआधी कुणीतरी उभं राहून सांगतं, की ही जमीन अमुक लोकांची आहे, त्यांच्या वाडवडिलांना आमचं वंदन. मी मान खाली घालतो, आणि लगेच बजेटची स्लाइड येते. या चौदा वर्षांत एकाही आदिवासी माणसाशी मी सलग पाच मिनिटं बोललो नव्हतो. बहिणीची धाकटी मुलगी दोन वर्षांपासून ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या ॲलिस स्प्रिंग्जला डायलिसिसची नर्स आहे. तिचा धोशा होता, "मामा, एकदा या तर." शेवटी निघालो.

गावात शिरताना टॉड नदी लागली. पात्रात पाण्याचा थेंब नाही. पांढरट वाळू, आणि त्या वाळूतच उभे जाडजूड गमचे, म्हणजे निलगिरीच्या जातीचे, वृक्ष. "ही नदी तीनदा वाहताना पाहिली की माणूस इथला होतो म्हणतात," भाची म्हणाली, "माझं एकदाच झालंय." झाडाखाली पाच-सहा बायका पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी कुत्री आणि एक बाबागाडी. गावाचं खरं नाव म्बान्तुआ. ही अरंडा लोकांची जागा. रस्त्यांच्या कडेला निवडणुकीचे फलक लागले होते. ऑगस्टमध्ये नॉर्दर्न टेरिटरीची, म्हणजे या प्रांताची, निवडणूक, आणि अर्ध्याअधिक फलकांवर एकच शब्द: गुन्हेगारी. मार्चमध्ये तर इथे रात्री अठराच्या आतल्या मुलांना गावाच्या मध्यभागी फिरायलाच मनाई केली होती.

दुपारी भाची म्हणाली, "मामा, बिअर हवी असेल तर तीन ते सातच्या आत आणा. आणि सोमवार-मंगळवार दुकानं बंद." मला बिअरपेक्षा दुकान बघायचं होतं. दारातच गणवेशातला पोलीस. माझ्या पुढे एक आदिवासी जोडपं होतं, नवऱ्याच्या अंगात फुटबॉलची जर्सी. पोलिसाने विचारलं, कुठे राहता, कुठे बसून पिणार. त्यांनी काहीतरी पत्ता सांगितला. तो पत्ता चालणारा नव्हता, तिथे दारूला बंदी. ती दोघं काही न बोलता वळली. रोजच्या सवयीची गोष्ट असावी. मग माझी पाळी. त्याने मला खालून वर पाहिलं, लायसन्स मागितलं, त्यावर व्हिक्टोरिया, म्हणजे मेलबर्नचं राज्य, वाचलं आणि हसून आत सोडलं. आत गल्ल्यावर लायसन्स पुन्हा स्कॅन झालं. माझ्या मागे दोन गोरे पर्यटक होते, त्यांना मात्र त्याने नुसत्या मानेने जा म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा रंग इतका अचूक मोजला गेला: बरोबर मधोमध.

गुरुवार, 25 जुलै

पहाटे दोन-तीन अंश. थंडीचं आपल्याला अगदीच कौतुक नाही, त्यामुळे नऊला निघालो.

जुनं टेलिग्राफ स्टेशन गावाच्या उत्तरेला, 1872 सालचं. दगडी बैठ्या इमारती, समोर हिरवळ, बार्बेक्यूच्या शेगड्या, सायकलवरची पोरं. जवळच तो पाणवठा, ज्याला झरा समजून गावाला 'स्प्रिंग्ज' नाव पडलं. झरा नाहीच तो. नदीच्या पात्रातलं साचलेलं पाणी.

1932 ते 1942 या इमारतींत 'द बंगलो' नावाची संस्था होती. बाप गोरा, आई आदिवासी, अशी मुलं आयांपासून तोडून इथे आणून ठेवायची. कायदाच तसा होता, आणि ते काम करणारी माणसं सरकारी पगार घेत होती. असे प्रकार देशभर 1970 च्या सुमारापर्यंत चालले. 1997 मध्ये त्यावर राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला, आणि सरकारने संसदेत माफी मागितली ती 13 फेब्रुवारी 2008 ला. भिंतीवरच्या एका फोटोत मुलं रांगेत उभी आहेत, सगळ्यांचे केस सारखे कापलेले. ही त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्या छोटीने शेजारचीचं बोट धरलंय, पाहिलंस?" मी पाहिलं नव्हतं.

मला आठवत होतं ते भलतंच. सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने ज्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांना तिथे तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. हजेरीशिवाय बाहेर पडता येत नसे. कायदा 1952 मध्ये गेला. आम्ही शाळेत असताना मात्र "तो सेटलमेंटमधला आहे" एवढं म्हटलं की डबा लांब ठेवायचा असतो, हे कुणी न शिकवता सगळ्यांना कळत होतं. मलाही. तेव्हा इथल्या गोऱ्यांकडे बोट दाखवून मोकळं होणं मला जरा अवघड गेलं.

परतताना भाचीने एका रस्त्यावर गाडी हळू केली. नकाशात बॅरेट ड्राइव्ह, गावात म्हणतात 'ब्रोकन प्रॉमिस ड्राइव्ह'. अरंडा लोकांच्या कथेत या डोंगराच्या सोंडा म्हणजे गाव घडवणारे सुरवंट. त्यांतल्या एकाची शेपटी 1980 च्या दशकात रस्त्यासाठी कापली, हात लावणार नाही असं आधी सांगूनसुद्धा. मला तो साधा उतार दिसला. दाखवलं नसतं तर कळलंही नसतं.

रात्री जेवताना 2007 चा विषय निघाला. टेरिटरीतल्या वस्त्यांमध्ये मुलांवर होणाऱ्या अत्याचारांबद्दल एक गंभीर अहवाल त्या वर्षी आला. त्याची पहिलीच मागणी होती, की जे कराल ते या लोकांशी बोलून करा. केंद्रातल्या हॉवर्ड सरकारने काही दिवसांत लष्कर पाठवलं. सत्तरहून जास्त वस्त्यांना नवा कायदा लागू झाला आणि त्यासाठी वांशिक भेदभावविरोधी कायदाच बाजूला ठेवला गेला. लोकांच्या सरकारी भत्त्यातला निम्मा पैसा एका हिरव्या कार्डावर. त्या कार्डावर काय घ्यायचं, कुठे घ्यायचं, ते सरकार ठरवणार. वस्तीच्या तोंडाशी मोठ्या निळ्या पाट्या: दारू बंद, अश्लील साहित्य बंद. म्हणजे आत राहणारा प्रत्येक बाप, प्रत्येक आजोबा आधीच आरोपी.

भाचीचं म्हणणं मला जास्त पटलं, कारण ते कुठल्याच बाजूला सोयीचं नव्हतं. "मामा, दारूने इथे माणसं मरतात. मी बघते. दारूबंदी हवी म्हणणाऱ्या बायका वस्त्यांमध्ये त्याआधीपासून होत्या. पण 2022 च्या जुलैत दारूबंदीच्या कायद्याची मुदत संपली, तेव्हा इथल्या आदिवासी संस्थाच सांगत होत्या, असं एका रात्रीत उठवू नका. उठवलं. पुढच्या सहा महिन्यांत गावात मारामाऱ्या, घरफोड्या. जानेवारीत पंतप्रधान काही तासांसाठी येऊन गेले, फेब्रुवारीत बंदी परत."

बसवताना विचारलं नाही, उठवतानाही विचारलं नाही. जेवण झाल्यावर मी फ्रिजमधली बिअर काढली, आणि ती उघडायला उगीचच संकोच वाटला.

शुक्रवार, 26 जुलै

भाचीची सुट्टी. ज्या घराबद्दल तिने फोनवर अनेकदा सांगितलं होतं तिथे ती आम्हाला घेऊन गेली: पर्पल हाऊस. संस्थेचं खरं नाव पश्चिमेच्या वाळवंटातल्या भाषेत आहे आणि चार-पाच शब्द लांब आहे. अर्थ साधा, आपल्या सगळ्या कुटुंबांना बरं करणं. साधं राहतं घर वाटावं असं ठिकाण. मागे अंगणात जाळ पेटलेला, त्याच्याभोवती खुर्च्या, स्वयंपाकघरातून मांस शिजल्याचा वास. आत डायलिसिसची मशीन चालू.

इथल्या दूरच्या वस्त्यांमध्ये मूत्रपिंडाचा आजार उर्वरित देशाच्या कितीतरी पट आहे. का, ते भाचीने मला एका नळावर समजावलं. घरात तीन खोल्या, माणसं पंधरा. नळ बिघडला की अंघोळ नाही, कपडे धुणं नाही. पोरांच्या अंगावर खरूज, फोड. ते साधे फोड वाटतात, पण त्यातला जंतू मूत्रपिंडाला आणि हृदयाच्या झडपांना धरतो. आपल्याकडे ज्याला ऱ्हुमॅटिक हार्ट म्हणतात, ते इथल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना होतं आणि मग वर्षानुवर्षं दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. पुढे मधुमेह, आणि चाळिशीतच डायलिसिस. "नळाचा वायसर बदलायला माणूस तीनशे किलोमीटरवरून येतो," ती म्हणाली, "आणि आला की कळतं, वायसर दुसऱ्या मापाचा आणलाय. मग परत अर्ज. घर सरकारचं आहे ना, स्वतः दुरुस्त करायचं नाही." या वर्षी मार्चमध्ये केंद्र आणि टेरिटरीने मिळून दहा वर्षांत 2,700 घरांसाठी चार अब्ज डॉलर जाहीर केलेत. जाहीर झालंय, एवढं नक्की.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास. 1990 च्या दशकात ते फक्त मोठ्या गावात मिळायचं. किंटोर ही पिंटुपी लोकांची वस्ती इथून पाचशेहून जास्त किलोमीटर पश्चिमेला. तिथल्या माणसाला आजार झाला की ॲलिसला यायचं आणि मरेपर्यंत इथेच राहायचं, नातेवाईक लांब, बोली वेगळी, बऱ्याचदा या नदीच्या पात्रात. आमच्यासारख्यांना ते गाव बदलणं वाटेल. त्यांच्यासाठी आपली जमीन सोडून मरणं म्हणजे काय, ते आमच्याकडे पंढरीच्या वाटेवर मरण मागणाऱ्या म्हाताऱ्यांना कदाचित कळेल.

सरकारकडे मागणी गेली, की मशीन आमच्या वस्तीत द्या. उत्तर: अवघड आहे, महाग आहे. पिंटुपी लोक चित्रकार. ठिपक्यांची ती चित्रं जगभरच्या दालनांत लटकतात. किंटोर आणि त्याच्या पलीकडच्या किविरकुराच्या चित्रकारांनी बसून मोठी चित्रं काढली, 2000 साली सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून जास्त जमले. 2004 मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झालं. आता असे दवाखाने डझनाहून जास्त वस्त्यांत आहेत, शिवाय दोन खुर्च्यांचा एक जांभळा ट्रक गावोगाव फिरतो, म्हणजे ॲलिसमधल्या रुग्णाला लग्न, मयत, सण यासाठी घरी जाता येतं.

सरकार मग आलं. दूरच्या वस्तीत नर्सने केलेल्या डायलिसिसचा खर्च मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यविम्यात, धरायला 2018 उजाडलं, लिलावानंतर अठरा वर्षं. आणि मध्ये 2009 साली टेरिटरीने सांगितलं होतं, की सीमेपलीकडचे नवे रुग्ण ॲलिसला घेणार नाही, त्यांनी आपापल्या राज्यात जावं. किविरकुरा वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पडतं. नकाशावरची ती सरळ रेघ ज्यांनी ओढली त्यांना तिथे कोणाचे मेहुणे-जावई राहतात हे माहीत असायचं कारणच नव्हतं. पर्थला जा म्हणे. पर्थ म्हणजे त्यांच्यासाठी मंगळ.

अंगणात जाळाशेजारी एक म्हातारी बसली होती, भाचीच्या ओळखीची, डोक्यावर लोकरीची टोपी. तिने मला खुणेने खुर्ची दाखवली. मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुझी जमीन कुठली. मी म्हणालो, इंडिया. तिने मान हलवली. "नाही. तुझी. तुझी जमीन." सोलापूर, म्हटलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, 'शोलापू, शोलापू'. मग विचारलं, "तिच्याकडे आता कोण बघतंय?"

बार्शी रोडची पाच एकर. मोठा भाऊ बघतो, म्हटलं. "चांगलंय," ती म्हणाली आणि जाळात लाकूड सरकवलं. भाऊ सत्तरीचा आहे आणि दोन वर्षं आमचं फारसं बोलणं नाही, हे मी सांगितलं नाही. हिने माझ्याकडे फक्त पाहिलं.

निघताना झाडपाल्याच्या मलमाच्या दोन डब्या घेतल्या. गुडघ्याला बऱ्या आहेत.

शनिवार, 27 जुलै

हर्मन्सबर्ग, स्थानिक नाव न्टारिया. पश्चिमेला सव्वाशे किलोमीटर, रस्ता डांबरी. निघताना पेट्रोल भरलं. पंपावर 'ओपल' लिहिलेलं. साध्या पेट्रोलमधली जी द्रव्यं हुंगून पोरं नशा करतात, ती यात जवळजवळ काढून टाकलेली आहेत. 2005 पासून हे इंधन आलं आणि पेट्रोल हुंगणं खरोखर खूप घटलं. एवढ्या नन्नाच्या पाढ्यात ही एक गोष्ट ठळक सांगायला हवी. सरकारने केली, चालली.

न्टारियाला 1877 सालचं जर्मन लुथरन मिशन आहे. चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, खजुराची झाडं, आणि चहाच्या खोलीत सफरचंदाचं स्ट्रूडल. वाळवंटात बसून ते जर्मन पक्वान्न खाताना आपण नक्की कुठे आहोत ते कळेना.

चित्रकार आल्बर्ट नामाट्जिरा इथला. जन्म 1902. याच डोंगरांची, गमच्या पांढऱ्या खोडांची जलरंगातली चित्रं. एकेकाळी ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत त्यांच्या छापील प्रती होत्या. तो आयकर भरत होता, पण चराऊ जमिनीचा पट्टा मागितला तर नाकारला, ॲलिसमध्ये घर बांधू दिलं नाही. 1957 मध्ये त्याला पूर्ण नागरिकत्व दिलं गेलं, त्यामुळे त्याला दारू विकत घेता येऊ लागली. त्याच्या भाऊबंदांना नव्हतं. वाटून खाणं हा त्यांच्यात नियम, आणि त्याने बाटली वाटली. 1958 मध्ये त्याबद्दल शिक्षा झाली, 1959 मध्ये तो गेला. पुढे 1983 मध्ये सरकारी विश्वस्ताने त्याच्या चित्रांचे हक्क साडेआठ हजार डॉलरला एका प्रकाशकाला विकले, घरच्यांना न विचारता. ते नातवंडांकडे परत यायला 2017 उजाडलं. बुधवारी दारूच्या दुकानाच्या दारात उभा होतो, ते इथे पुन्हा आठवलं.

वस्तीच्या दुकानात कोबीचा गड्डा पाहिला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, कडेची पानं पिवळी, किंमत मेलबर्नच्या दुप्पट. थंड पेयांचं कपाट मात्र काठोकाठ भरलेलं. हिने कोबी उचलला, दाबून पाहिला, खाली ठेवला. मधुमेहावरची व्याख्यानं इथे कोण देतं कुणास ठाऊक.

रविवार, 28 जुलै

उलुरु, वाळवंटातला तो प्रचंड तांबडा खडक, बघायला साडेचारशे किलोमीटर गाडी. स्टुअर्ट हायवेला वेगमर्यादा 130, आणि तरी रस्ता हलत नाही. वाटेत एक सपाट माथ्याचा डोंगर दिसला आणि आम्ही दोघं "आला, आला" करून गाडी थांबवली. तो उलुरु नव्हताच. सगळ्यांचं तेच होतं म्हणे.

खरा उलुरु दिसल्यावर मात्र कुणी काही बोललं नाही. पायथ्याचा फेरा साडेदहा किलोमीटर, आम्ही त्यातला अर्धा चाललो. काही ठिकाणी पाट्या: इथे फोटो काढू नका. बहुतेक लोक ऐकत होते. चढायची वाट 26 ऑक्टोबर 2019 ला कायमची बंद झाली; दगडावर अजून पांढरा पट्टा दिसतो, लाखो बुटांनी घासलेला. आनंगू लोकांना ही जागा परत मिळाली ती 1985 साली त्याच तारखेला, आणि त्याच दिवशी त्यांनी ती 99 वर्षांसाठी सरकारला भाड्याने दिली. अट तशी होती.

दगडाच्या सावलीत मुटिजुलू नावाची वस्ती आहे, जमिनीच्या मालकांची. परवान्याशिवाय आत जात नाहीत. आम्ही गेलो नाही. 2007 मध्ये लष्कर-पोलिसांची पहिली तुकडी इथे उतरली होती. आणि 2017 मध्ये देशभरचे आदिवासी प्रतिनिधी याच परिसरात जमले आणि त्यांनी मागणी केली, की आमच्याबद्दलचे कायदे करताना आमचं म्हणणं ऐकणारी एक व्यवस्था घटनेत असू द्या. नकाराधिकार नाही, फक्त ऐका. त्यावर 14 ऑक्टोबर 2023 ला देशाने मतदान केलं आणि साठ टक्के लोक नाही म्हणाले.

मतदान इथे सक्तीचं. मी 'हो' दिलं, पण कबूल करतो, मसुदा न वाचता. ऑफिसात सगळे हो म्हणत होते म्हणून. आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "आरक्षणच ना हे? भोगलंय आपण." त्याला पंचवीस अंगठे. मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर येत नव्हतं. दूरच्या आदिवासी वस्त्यांत जी फिरती मतदान केंद्रं गेली, तिथे मात्र बहुसंख्य मतं 'हो' होती. आता कुणी मला विचारलं तर दारूबंदीची गोष्ट सांगेन आणि वायसरची.

सोमवार, 29 जुलै

दिवसभर परतीचा प्रवास. दारूची दुकानं बंद, गाव शांत.

रात्री भाचीशी वाद झाला. मी म्हणत होतो, पैसा कमी पडतो. ती हसली. टेरिटरीला जीएसटीचा वाटा माणशी हिशेबाने राष्ट्रीय सरासरीच्या जवळजवळ पाचपट मिळतो, मुख्यतः या दूरच्या वस्त्यांचं कारण दाखवून. तो सगळा तिथपर्यंत पोचतो का, यावर वर्षानुवर्षं भांडण आहे. केंद्र म्हणतं टेरिटरीने करावं, टेरिटरी म्हणते केंद्राने द्यावं. 2020 मध्ये सगळ्या सरकारांनी आदिवासी संस्थांबरोबर करार केला, की यापुढे निर्णय बरोबरीने घेऊ. या फेब्रुवारीत सरकारच्याच प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने लिहिलं, की कारभार बराचसा जुन्याच पद्धतीने चाललाय. आयुर्मानातला फरक अजून आठ वर्षांच्या वर आहे. देशाच्या लोकसंख्येत हे लोक चार टक्क्यांहून कमी आणि तुरुंगात दर तिघांत एक.

"मग तू इथे का थांबलीस?" हिने विचारलं.

"मामी, इथे कुणीतरी मला नावाने ओळखतं," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

नंतर

मंगळवारी परत आलो. ऑगस्टमध्ये टेरिटरीत सत्ताबदल झाला. मुलाला गुन्हेगार धरायचं वय आदल्याच वर्षी दहावरून बारा केलं होतं. नव्या सरकारने ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा दहावर आणलं. बातमी वाचली तेव्हा मला तो रांगेचा फोटो आठवला. आता मलाही ते धरलेलं बोट दिसतं.

सोलापूरला फोन केला. भावाने तूर किती झाली ते सांगितलं, बाकी विषय निघाला नाही.

परवा भाचीचा निरोप आला. ती टोपीवाली म्हातारी तीन आठवड्यांसाठी किंटोरला गेलीय, तिथल्या दवाखान्यात खुर्ची मिळाली. जाताना विचारत होती, शोलापूचा माणूस घरी जाऊन आला का?